पाण्याखालची सोबत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या सेक्रेटरीबाई मला म्हणाल्या, "तुम्ही आठजणी परदेशी जाऊन समुद्राच्या पोटात हिंडून आलात, त्याची हकीकत सांगा." मी लगेच हो म्हटले, पण एक अट घातली. नुसते मासे किती रंगीत होते एवढेच मी सांगणार नाही. त्या सहलीत माझ्या हातून एक चूक झाली. ती गाळून बाकीचे सांगितले तर ती अर्धी हकीकत होईल, आणि खरे सांगायचे तर ऐकण्याजोगा अर्धा भाग तोच आहे.

आमचा गट जमला तो पोहण्याच्या तलावावर. सर्वांत धाकटी 31 वर्षांची, सर्वांत थोरली 62 ची, आणि मी 57 ची. एकीने तारकर्लीला जाऊन पाण्याखाली डोकावून पाहिले आणि येऊन आम्हाला वेड लावले. तारकर्लीला आपल्या राज्याच्या पर्यटन महामंडळाचे स्कूबाचे शिक्षणकेंद्र आहे, हे पुष्कळजणींना ठाऊक नसते. पण शिक्षकाने हात धरून खाली नेणे निराळे आणि स्वतः शिकून उतरणे निराळे. आम्ही थंडीत कोकणात रीतसर शिकलो. आधी पुस्तक, मग तलाव, मग खुल्या समुद्रात चार डुबक्या. इतके झाल्यावर 18 मीटरपर्यंत जोडीने उतरण्याचे प्रमाणपत्र मिळते. त्याआधी एक मोठा फॉर्म भरावा लागतो. दमा, रक्तदाब, हृदय, कान, सगळे खरे लिहायचे आणि वाटेत काही आढळले तर डॉक्टरांचा दाखला आणायचा.

पुष्कळांना वाटते की पाठीवरच्या सिलिंडरात ऑक्सिजन असतो. तसे नाही, आपण आता या सभागृहात घेतो तीच साधी हवा, दाबून भरलेली. खरी करामत तिच्या झडपेत आहे. 1943 साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो या नौदलाच्या अधिकाऱ्याने आणि एमिल गान्यां या इंजिनिअराने ती जुळवून आणली. आपण श्वास ओढावा तेवढीच हवा, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, ती तोंडात देते. हा दाब विसरून चालत नाही. वर हवेचा जेवढा दाब आहे, तेवढीच भर दर 10 मीटरला पडत जाते. म्हणून 10 मीटर खाली फुग्यातली हवा निम्मी होते. आपल्या कानाच्या पडद्यामागे अशीच हवा कोंडलेली असते. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, म्हणजे कान मोकळा होतो. सर्दी झाली असेल तर तो मोकळा होत नाही. म्हणून सर्दीत उतरायचे नाही, आणि दुखू लागले तर पुढे रेटायचे नाही, थोडे वर यायचे. हा अगदी पहिला धडा. मी तो पाठ केला होता, परीक्षेत बरोबर लिहिलाही होता.

परदेश निवडला तो बाली. कारण साधे. जून ते सप्टेंबर आपला कोकणचा समुद्र खवळलेला असतो आणि तिकडे नेमका कोरडा हंगाम असतो. ऐन आषाढात आम्ही निघालो. विमानतळापासून मोटारीने अडीच-तीन तासांवर बेटाच्या ईशान्येला तुलांबेन नावाचे गाव आहे. मागे आगुंग हा ज्वालामुखीचा डोंगर, पुढे काळ्या गोट्यांचा किनारा, आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्यात एक बुडालेले जहाज. 'लिबर्टी' हे त्या जहाजाचे नाव. अमेरिकी लष्कराच्या या मालवाहू जहाजावर जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. ओढून बंदरात न्यायचा प्रयत्न फसला, म्हणून ते तुलांबेनच्या किनाऱ्याला लावले. तिथे ते एकवीस वर्षे पडून होते. 1963 साली आगुंगचा प्रचंड उद्रेक झाला, हजाराहून अधिक माणसे मेली, आणि त्या हादऱ्यांनी हे जहाज किनाऱ्यावरून समुद्रात ढकलले गेले. आज त्याचा वरचा भाग पाच मीटरवर आणि खालचा सुमारे तीस मीटरवर आहे. लोखंडावर पोवळी वाढली आहेत, फुटलेल्या फटींतून मासे जातात-येतात. शेजारच्या वाळूत बारीक वाम माना बाहेर काढून गवतासारखे डोलत असतात. जवळ गेले की सगळे एकदम आत! माणसांनी युद्धासाठी नेलेल्या जहाजात माशांनी बिऱ्हाडे थाटलेली पाहून मला गंमतही वाटली आणि गलबलूनही आले.

पण मला सर्वांत जास्त आठवतात त्या तिथल्या हमाल बायका. एकेक सिलिंडर सुमारे पंधरा किलोचे. ते डोक्यावर उभे-आडवे घेऊन, कधी दोन-दोन एकदम, त्या निसरड्या गोट्यांवरून तोल न जाता चालतात. सकाळी आधी ताडाच्या पानाच्या द्रोणात फुले ठेवून पूजा, मग काम. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'इबू', म्हणजे आई, म्हणतात. गोट्यांवर धडपडणाऱ्या मला पाहून एक इबू रोज हसून म्हणायची, "पलान, पलान", हळू हळू.

आता चुकीकडे येते. तिसऱ्या दिवशी सकाळी माझे नाक चोंदले होते. रात्रभर खोलीतल्या गार हवेत निजल्यामुळे असेल. न्याहारीच्या वेळी एकीने विचारले, "काकू, बरं वाटतंय ना?" मी म्हटले, "काही नाही, बरं आहे." मनात हिशोब असा की इतका पैसा खर्चून सगळ्या आल्या आहेत, माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको. आणि आणखी एक हिशोब, तोही कबूल करते. सर्वांत थोरल्या बाई रोज उतरत होत्या. त्यांच्यापुढे मी मागे राहू?

पाण्यात जोडीने उतरतात. माझी जोडीदारीण 34 वर्षांची, शाळेत शिकवणारी. आमच्या चौघींबरोबर तिथला एक वाटाड्या. तीन मीटरवरच कान दुखू लागला. वाटाड्याने हाताने विचारले, ठीक? मी अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करून दाखवले, ठीक. पाण्यात बोलता येत नाही म्हणून खुणा ठरलेल्या असतात, आणि 'कान दुखतो' हीसुद्धा खूण आहे. हात आडवा धरून हलवायचा आणि कानाकडे बोट दाखवायचे. मला ती येत होती. मी केली नाही. नाक दाबून जोराने फुंकले, आणखी जोराने फुंकले. नऊ मीटरच्या सुमारास कानात कळ उठली, काहीतरी फाटल्यासारखे झाले आणि गार पाणी आत शिरले. त्याबरोबर सारा समुद्र गरगर फिरू लागला. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना.

भगिनींनो, अशा वेळी माणूस घाबरून श्वास कोंडतो आणि बाणासारखा वर धावतो. हे सर्वांत वाईट. वर येताना छातीतली हवा फुगते. ती कोंडून धरली तर फुफ्फुस फाटते. माझ्या जोडीदारणीने माझा पट्टा धरला, चेहरा चेहऱ्यासमोर आणला आणि हात वरखाली करून मला श्वास मोजायला लावले. आत, बाहेर. आत, बाहेर. मिनिटाभराने चक्कर ओसरली. मग वाटाड्याने सगळ्यांना अंगठा वर करून दाखवला. पाण्यात त्याचा अर्थ 'छान' नव्हे, 'वर चला'. आम्ही पाचही जण हळूहळू वर आलो. ज्या खोळंब्याला मी भ्याले होते तो चौघींचा झालाच, आणि वर काळजी.

किनाऱ्यावर टॉवेल गुंडाळून बसले असताना ती पोर मला म्हणाली, "काकू, दुखतंय म्हणून सांगितलं असतंत तर माझी एक डुबकी गेली असती. सांगितलं नाहीत, म्हणून आज तुम्ही गेला असतात." तिचा आवाज कापत होता. मी खाली मान घातली.

डॉक्टरांनी पाहिले. पडद्याला बारीक छिद्र पडले होते. पुढे दोन महिन्यांत ते भरून आले; पण ती सहल माझ्यापुरती किनाऱ्यावरच संपली. तिथे बसून मी इबूंना पाहात असे. एकदा एकीने निम्म्या वाटेत मान चोळून सिलिंडर उतरवले. मागून येणारीने न विचारता, न बोलता ते उचलले. पहिली बसली, पाणी प्यायली, नंतर पुन्हा कामाला लागली. 'मला होत नाही' असे म्हणायला तिला लाज वाटली नाही आणि कुणी तिला बोल लावला नाही. इतके ओझे इतकी वर्षे वाहायचे तर असेच वागावे लागत असेल.

त्या रात्री आम्ही आठजणींनी एक शिस्त लावली. रोज सकाळी चहाबरोबर प्रत्येकीने आपले नाक, कान, झोप आणि मन कसे आहे ते मोठ्याने सांगायचे. आणि कुणी 'आज नको' म्हटले तर कारण विचारायचे नाही. हा नियम पाणबुड्यांत जुनाच आहे. कुणीही, केव्हाही, कारण न देता डुबकी थांबवू शकतो. आम्ही तो पुस्तकात वाचून विसरलो होतो. दुसऱ्याच दिवशी आमची सर्वांत धाकटी हळूच म्हणाली, "आज मला नको." ती पहिल्या दिवसापासून भीत होती, आणि आम्ही हसू म्हणून बोलली नव्हती. त्या दिवशी ती माझ्याजवळ वाळूवर बसली. त्यापुढच्या दिवशी आपणहून उतरली आणि वर आली ती हसत.

ज्यांना अशी हौस आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. आधी इथे शिका, मग परदेशाची तिकिटे काढा. फॉर्मात काही लपवू नका. विमा उतरवाल तो पाण्याखालच्या अपघातालाही लागू आहे ना ते वाचून घ्या. शेवटची डुबकी आणि विमान यांत निदान 18 तास मोकळे ठेवा. नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतते. आणि निघण्यापूर्वी आपल्या गटात 'आज नको' म्हणता येते की नाही, ते पाहून घ्या.

हे मी डुबक्यांबद्दलच म्हणते असे समजू नका. आपल्या मंडळात कितीतरी जणी ताप अंगावर काढून पंगतीला वाढतात, गुडघे दुखत असताना जिने चढून वर्गणी गोळा करतात, आणि विचारले की म्हणतात, "काही नाही, बरं आहे." मीही त्यांतलीच. आपण तो त्याग समजतो. पण आपली शेजारीण मग कशावर विश्वास ठेवणार? जिला दुखणे कळूच दिले नाही ती हात कसा देईल?

येत्या थंडीत मी पुन्हा उतरणार आहे, डॉक्टरांच्या दाखल्यासह. जोडीदारीण तीच आहे. तिने अट घातली आहे की पाण्यात शिरण्यापूर्वी मी तिला खरे काय ते सांगायचे. मी कबूल केले आहे. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी आम्ही तलावावर असतो. ज्यांना पोहणे शिकायचे आहे त्यांनी जरूर यावे. ज्यांना त्या दिवशी नको वाटेल त्यांनी काठावर बसावे, आम्ही कारण विचारणार नाही.