टेबलाच्या डोक्याशी बसून



मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंटच्या डोक्याशी बसायचं, त्याचा श्वास आणि नाडी सांभाळायची, आणि ते करताना समोरच्या पडद्यावर सर्जनचे हात बघत राहायचं, हे माझं २८ वर्षांचं काम. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रिया आमच्या भागात सुरू झाल्या तेव्हापासून मी त्यांना बसत आले आहे. लग्नकार्यात, बसस्टँडवर, भाजी घेताना लोक मला हळूच बाजूला घेऊन विचारतात, ‘मॅडम, चांगला सर्जन कोण?’ या व्यासपीठावरून मी कुणाचं नाव घेणार नाही. पण मी स्वतः माणूस पारखताना काय बघते, ते सगळं सांगणार आहे.

सुरुवात घरापासून करते, माझ्या धाकट्या जावेपासून. तिची परवानगी आहे. उंची ५ फूट २ इंच, वजन ११८ किलो, ९ वर्षांचा मधुमेह, गुडघे दुखणारे, आणि घोरणं असं की मधेच श्वास थांबायचा आणि घरातलं कुणीतरी दचकून उठायचं. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ती दिराबरोबर जाऊन आली. मला सांगितलं ते परत आल्यावर. हातात एक रंगीत कागद होता. त्यावर ‘स्लीव्ह’ असं छापलेलं, खाली पॅकेजची रक्कम आणि तारीख. डॉक्टरांशी भेट १२ मिनिटांची झाली होती. मी विचारलं, ‘रात्री घशाशी येतं का, हे त्यांनी विचारलं?’ ती म्हणाली, ‘नाही ताई. पण ते तर मला कायमच येतं. तीन उशा घेतल्याशिवाय झोपच लागत नाही.’

या एका उत्तराने तिची शस्त्रक्रिया बदलली. कशी, ते नीट समजून घेऊ.

आपलं जठर ही एक पिशवी आहे. स्लीव्हमध्ये ती स्टेपलरने उभी कापतात आणि जवळजवळ ७५ ते ८० टक्के भाग बाहेर काढून टाकतात. मागे उरते केळ्यासारखी अरुंद नळी. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. तो भागच जातो, त्यामुळे जेवणाची ओढही कमी होते. आतड्याला हात लागत नाही, जोड नसतो, वेळ कमी लागतो. ही शस्त्रक्रिया वाईट आहे असं मुळीच नाही. ती उत्तम आहे, आणि आज जगात सगळ्यात जास्त हीच होते. मूळची ती फार वजनदार रुग्णांसाठी ठरवलेल्या मोठ्या, दोन टप्प्यांच्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. पहिल्या टप्प्यातच पुष्कळ जणांचं वजन चांगलं उतरलं आणि ती स्वतंत्र झाली. पण अरुंद नळीत दाब वाढतो, आणि वाढलेला दाब आम्ल वर ढकलतो. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन गटांत विभागून स्लीव्ह आणि बायपास या दुसऱ्या शस्त्रक्रियेची तुलना केली. १० वर्षांनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या ३१ टक्के रुग्णांत होता, बायपासच्या ७ टक्क्यांत. कापलेलं जठर परत बसवता येत नाही. तीन उशांवर झोपणाऱ्या बाईला हे आधी सांगायला नको का?

दुसऱ्या सर्जनकडे मी तिच्याबरोबर गेले. त्यांनी आधी दुर्बिणीची तपासणी करायला सांगितली. जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला निघाला, हायटस हर्निया. मग त्यांनी बायपास सुचवली. या शस्त्रक्रियेची कल्पना १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवात एडवर्ड मेसन यांनी मांडली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात आणि तिला खालचं आतडं आणून जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्न त्याला वळसा घालून जातं. वर उसळायला आम्ल फारसं उरत नाही. मधुमेहाच्या दृष्टीनेही ती सरस ठरते: पुष्कळांची साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. क्लीव्हलंडच्या अभ्यासात १५० मधुमेही रुग्ण होते. ५ वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर ६ टक्के किंवा खाली आली ती बायपासच्या २९ टक्के, स्लीव्हच्या २३ टक्के आणि नुसती औषधं घेणाऱ्या ५ टक्के लोकांत. हा आकडा मी दोन्ही बाजूंनी वाचायला सांगते. औषधांपेक्षा शस्त्रक्रिया कितीतरी पुढे आहे. आणि तरीही दहातल्या सात जणांनी ती रेषा गाठलेली नाही. मधुमेह जितका जुना, इन्सुलिन जितकं जास्त, तितकी आशा कमी. ‘डायबिटीस कायमचा जाणार’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तिथून उठा.

बायपासचीही किंमत असते. जिथे जठर आणि आतडं जोडतात, तिथे व्रण होऊ शकतो. तंबाखू आणि दुखण्यावरच्या साध्या गोळ्या हे त्या जोडाचे शत्रू. त्या सर्जननी जावेला विचारलं, ‘तंबाखू?’ ती म्हणाली, ‘छे!’ मग त्यांनी विचारलं, ‘मिश्री लावता का?’ आणि ती गप्प झाली. २० वर्षं ती पहाटे मिश्री लावत होती. घरात कुणी तिला तंबाखू मानतच नव्हतं, आणि मी डॉक्टर असून मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. सर्जन म्हणाले, ‘तीन महिने पूर्ण बंद करून या. तोवर मी तारीख देणार नाही.’ बाहेर आल्यावर दीर रागावले, डॉक्टरांना गरज दिसत नाही म्हणाले. माझा मात्र निर्णय त्या वाक्यावर झाला. हातातला पेशंट परत पाठवायची तयारी असलेला सर्जन मला हवा होता.

तिसरा पर्याय तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल, मिनी बायपास. रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये ती सुरू केली. तिच्यात दोनऐवजी एकच जोड असतो, त्यामुळे ती आटोपशीर होते, आणि आपल्या देशात ती पुष्कळ केली जाते. वजन छान उतरतं. पण पित्तरस वर येण्याची शक्यता राहते, आणि आतड्याचा जास्त भाग वगळला तर पोषणाची झीज वाढते. फ्रान्समधल्या अभ्यासात, ज्यात २०० सेंटिमीटर आतडं वगळलं होतं, वजन नेहमीच्या बायपासइतकंच उतरलं, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी जास्त झाल्या. आपल्याकडे शाकाहारी माणसांत बी १२ मुळातच कमी असतं. म्हणून शाकाहारी पेशंटला हा पर्याय सुचवणाऱ्याला मी विचारीन, आतडं किती वगळणार, आणि आधी लोह, बी १२, ड जीवनसत्त्व तपासलं का? जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत आता मागे पडली आहे, आणि जठरात ठेवायचा फुगा हा काही महिन्यांचाच पाहुणा, त्यावर वेळ घालवत नाही.

आता हातांकडे येते. २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक धाडसी अभ्यास झाला. २० सर्जननी आपापल्या बायपासचा प्रत्येकी एक व्हिडिओ दिला. नावं झाकून तो इतर सर्जननी पाहिला आणि हातांच्या कौशल्याला गुण दिले. मग त्या गुणांशी त्यांच्या रुग्णांचं काय झालं ते जुळवलं. तळाच्या चौथ्या हिश्श्यातल्या सर्जनच्या १४.५ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, वरच्या हिश्श्यातल्यांच्या ५.२ टक्के. वरच्यांना वेळही कमी लागत होता, आणि ते अशा शस्त्रक्रिया जास्त करणारेही होते. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, टेबलाच्या डोक्याशी बसून आम्ही जे रोज बघतो, ते कुणीतरी मोजून दाखवलं.

तुम्हाला व्हिडिओ बघून गुण देता येणार नाहीत. पण एक गोष्ट सांगते. स्लीव्ह करताना जठर कुठे कापायचं याचं माप म्हणून तोंडातून एक जाड नळी घालतात. ती मी घालते. जठरात दुसरी एखादी नळी राहून गेली आणि स्टेपलर चालला, तर ती नळीही कापून शिवली जाते. असे अपघात जगात झाले आहेत. चांगला सर्जन स्टेपलर दाबण्याआधी थांबतो, मोठ्याने विचारतो, ‘मॅडम, सगळं बाहेर आहे?’ आणि माझं उत्तर ऐकू येईपर्यंत हात हलवत नाही. हजारावी केस असली तरी विचारतो. असा माणूस ओपीडीतही तसाच असतो. तुमचं बोलणं तोडत नाही, चिठ्ठी लिहिता लिहिता ऐकत नाही. म्हणून मी म्हणते, ओपीडीतलं वागणं हा थिएटरचा बऱ्यापैकी खरा नमुना असतो.

सर्जनला सरळ विचारा: गेल्या वर्षी अशा शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती केल्या? त्यात स्लीव्ह किती, बायपास किती? एकच प्रकार करणारा सर्जन असेल, तर प्रत्येक पेशंटला तोच प्रकार मिळणार. किती जणांना परत थिएटरमध्ये न्यावं लागलं? या प्रश्नाला ‘एकही नाही’ असं उत्तर आलं तर मला काळजी वाटते. ज्याने पुष्कळ केल्या, त्याच्याकडे गुंतागुंत झालेलीच असते. तो ती आठवून सांगतो. आणि विचारा, भूल कोण देणार, त्यांची भेट आधी होईल का? घोरणाऱ्या माणसाची झोपेतल्या श्वासाची तपासणी झाल्याशिवाय मी भूल देत नाही. रात्री अतिदक्षता विभागात जागं कोण असणार, हेही विचारा.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर आले आहे, ते. आपल्या गावातली माणसं शस्त्रक्रियेला पुण्या-मुंबईला जातात, दोन-तीन दिवसांत घरी येतात. टाके लहान, माणूस चालता-फिरता, सगळे खूष. पण शिवलेल्या जागेतून गळती व्हायची असली तर ती बहुधा पहिल्या काही दिवसांत होते, पुष्कळदा घरी आल्यावर. तिची पहिली खूण पोटदुखी असेलच असं नाही. नाडी जोरात धावते, मिनिटाला १२० च्या वर, बसल्या जागी. कधी ताप, कधी डाव्या खांद्यात दुखणं, कधी धाप. गावातला डॉक्टर म्हणतो पित्त झालं असेल, आणि रात्र निघून जाते. अशी एक रात्र मी पाहिली आहे. पेशंट ३८ वर्षांचे गृहस्थ होते; ते वाचले, पण ५ आठवडे रुग्णालयात होते. त्यांच्या पत्नीकडे जो फोन नंबर होता तो मार्केटिंग विभागाचा होता, आणि रात्री तो बंद होता.

म्हणून सर्जन निवडताना मी पहिला प्रश्न हा ठेवते: चौथ्या रात्री दोन वाजता माझा फोन कोण उचलणार? त्या माणसाचं नाव, त्याचा नंबर. आणि तुमचं घर तिथून किती तासांवर आहे? घराजवळ निष्णात सर्जन असेल, तर नुसत्या मोठ्या शहराच्या नावासाठी लांब जाऊ नका. लांब जायचंच असेल, तर १०-१२ दिवस तिथेच, नातेवाइकांकडे राहा.

दुसरा धोका उलट्यांचा. काही आठवडे सतत उलट्या होणाऱ्या पेशंटच्या शरीरातलं बी १ जीवनसत्त्व संपत येतं. आपल्याकडे उलट्या झाल्या की ग्लुकोजची बाटली लावतात. बी १ न देता ती लावली, तर मेंदूला इजा होऊ शकते: तोल जातो, दोन-दोन दिसायला लागतं, माणूस भ्रमतो. आधी बी १, मग ग्लुकोज.

पैशांबद्दल थोडंच बोलते. विमा नियामकाच्या नियमानुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असा आजार हवा. वैद्यकीय संस्थांनी २०२२ साली यापेक्षा खालच्या मर्यादा सुचवल्या आहेत, आणि आशियाई माणसांसाठी त्याहून खालच्या. त्यामागे कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन या दोघांचा बीएमआय एकच होता, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने दोघांचा फोटो २००४ साली छापला. आपली चरबी काट्यावर दिसते त्याहून जास्त असते. तरी विम्यात बसतं म्हणून शस्त्रक्रिया करू नका, आणि बसत नाही म्हणून गरज नाही असंही समजू नका. २०२५ पासून सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही वजनाची इंजेक्शनं आपल्या बाजारात आहेत. ती थांबवली की वजन बहुधा परत चढतं, पण काहींसाठी तोच योग्य रस्ता असू शकतो. शस्त्रक्रियेचा सल्ला देणाऱ्याने त्यांचं नावही काढलं नाही, तर तुम्ही काढा.

जावेने मिश्री सोडली. तीन नाही, पाच महिने लागले. तिची बायपास झाली त्याला आता सहा वर्षं होतील. त्या दिवशी मी टेबलाच्या डोक्याशी बसले नाही, बाहेर दिरांशेजारी बसले. आपल्या माणसाला भूल देऊ नये, असं मी मानते. ती आज ७९ किलोंवर आहे. मधे ७४ पर्यंत गेली होती, पाच किलो परत चढले. इन्सुलिन सुटलं, एक गोळी राहिली. दर सहा महिन्यांनी रक्त तपासते, बी १२ चं इंजेक्शन घेते.

तिच्या पर्समध्ये एक कागद असतो, प्लास्टिकमध्ये घातलेला. सर्जननी स्वतः लिहून दिलेला आहे. शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख; कुठलं आतडं किती सेंटिमीटरवर जोडलं; दुखण्यावरच्या कोणत्या गोळ्या द्यायच्या नाहीत; उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी बी १ द्या; पोटात अचानक जोरात दुखलं तर आतला हर्निया असू शकतो, वाट न बघता सर्जनला दाखवा. खाली दोन मोबाइल नंबर. शस्त्रक्रिया ठरवायच्या आधीच तुमच्या सर्जनना सांगा, की असा कागद आम्हाला लागेल. मराठीतही लिहून मागा.