पाखडलेलंही एकदा बघा



बैठकीत बोलायला ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी लिहून कळवावं म्हणून आमच्या प्रभागसंघाने एक ईमेल खातं उघडलं. पण तक्रारी आल्या चार आणि कचरा आला पोतंभर. लॉटरी लागली, बिनव्याजी कर्ज घ्या, ही लिंक दाबा! आम्ही तिघी रोज संध्याकाळी तासभर तेच निवडत बसायचो.

मग आम्ही खात्याला फिल्टर लावला, म्हणजे चाळणीच. ‘लॉटरी’, ‘कर्ज’, ‘लिंक’ यांतला एकही शब्द दिसला की मेल आपोआप वेगळ्या कप्प्यात. तासाचं काम दहा मिनिटांवर आलं.

बारा दिवसांनी एक ताई म्हणाल्या, “लेकीकडून लिहून घेतलं होतं, तुम्ही उत्तरसुद्धा दिलं नाही.” आम्ही कप्पा उघडला. मेल तिथेच पडला होता. मालक दवाखान्यात आहेत, कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यात भरला तर चालेल का, एवढंच विचारलं होतं. तोवर त्यांनी कानातलं गहाण ठेवून हप्ता भरला होता. बचत गटाच्याच खात्यात आम्ही ‘कर्ज’ शब्द अडवून ठेवला होता! आम्ही त्यांची माफी मागितली.

मैत्रिणींनो, चाळणीला अर्थ कळत नाही, तिला शब्द दिसतो. २००२ साली पॉल ग्रॅहम या अमेरिकन प्रोग्रॅमरने एक पद्धत लिहून मांडली. कोणता शब्द कचऱ्यात किती वेळा येतो आणि चांगल्या पत्रांत किती वेळा, हे मोजायचं आणि सगळ्या शब्दांचा मिळून अंदाज बांधायचा. एका शब्दावर निकाल देण्यापेक्षा हे बरं. तरीही तो अंदाजच.

म्हणून आम्ही आता तीन गोष्टी पाळतो. एकट्या शब्दावर अडवायचं नाही. ‘कर्ज’ आणि ‘लिंक’ दोन्ही असतील तरच बाजूला. आपोआप काही पुसायचं नाही. आणि दर शनिवारी पाळीपाळीने एकीने तो कप्पा बघायचा. स्पॅमचा कप्पाही बघायचा, कारण जीमेलमध्ये तिथलं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. चुकून गेलेलं पत्र दिसलं तर ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबायचं.

फसव्या लिंकमुळे पैसे गेले, तर लगेच १९३० ला फोन करा.

सुपाने पाखडताना फोलाबरोबर हलका दाणाही उडतो. आपण तो वेचून घेतोच ना? इथेही तसंच करू या.