गच्चीवरचा अँटेना



मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि त्यानंतरच्या काळात घराघरांच्या गच्चीवर माशाच्या काट्यासारखे अँटेने उभे राहिले, हे आपल्यापैकी पुष्कळांस आठवत असेल. वडील वर जाऊन नळी फिरवीत, मुलगा जिन्यात उभा राही, आणि "आले का?", "आले, आले... गेले!" असा पुकारा साऱ्या आळीस ऐकू जाई. दूरदर्शनचे ते सांगाडे आता बहुतेक नाहीसे झाले आहेत. तथापि त्याच जातीचा अँटेना काही घरांवर अजून उभा असतो. तो हौशी बिनतारीचा, म्हणजे ज्यास लोक 'हॅम रेडिओ' म्हणतात, त्याचा होय. तो कसा निवडावा व कसा उभारावा, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. ते शहाणपणाचे असतील तर ते मला माझ्या चुकीनेच शिकविले आहेत, हे प्रथमच कबूल करतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविला. परवान्यावाचून या लहरींवर बोलणे हा गुन्हा आहे, हे नवशिक्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. शहरातल्या शहरात बोलण्यास आपल्याकडे 144 ते 146 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा सोयीचा. या व्हीएचएफ लहरींची लांबी सुमारे दोन मीटर असते, म्हणून त्यास 'दोन मीटरचा पट्टा' म्हणतात.

परवाना हाती येताच मला एकच ध्यास लागला : मुंबईशी बोलावयाचे! त्यासाठी मी अनेक काड्यांचा, लांबलचक यागी अँटेना आणला. यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी 1926 च्या सुमारास जगापुढे आणलेली ही रचना आहे. ती शक्तीचा झोत एका दिशेस फेकते व उरलेल्या दिशांकडे जवळजवळ पाठ फिरविते. मी तिचे तोंड नैऋत्येस, मुंबईकडे केले. दूरदर्शनच्या सवयीने काड्या आडव्या ठेवल्या. केबल शंभर फूट, पातळ आणि स्वस्त घेतली. तीतली पुष्कळशी उरली, पण कापणे जिवावर आले, म्हणून वेटोळे करून कोपऱ्यात टांगून ठेविली. सांध्यावर एक चिकटपट्टी गुंडाळली आणि कृतकृत्य झालो.

पुढे 4 ऑगस्ट 2019 चा दिवस उजाडला. गोदावरीस मोठा पूर आला आणि नाशिककर ज्याच्या अंगावरून पुराची मोजदाद करतात, तो रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. आमच्या घरची वीज गेली होती, भ्रमणध्वनी निमाला होता. मी बॅटरीवर बिनतारी संच चालू केला. पलीकडे पंचवटीत माझे एक जुने सहाध्यापक राहतात. तेही हौशी. त्यांचा हातातला छोटा संच मला हाक मारीत होता. त्यांच्या अंगणात पाणी आले होते आणि अंथरुणास खिळलेल्या पत्नीस कोठे हलवावे, हे ते विचारीत होते, एवढे तुटकपणे समजले. मी दिलेले उत्तर मात्र त्यांच्यापर्यंत गेले नाही. शेजाऱ्यांनी त्या माउलीस खाटेसकट वरच्या मजल्यावर नेले, म्हणून सारे निभावले. पण नदीच्या पलीकडचा मित्र हाक मारीत असता माझा अँटेना त्याच्याकडे पाठ करून मुंबईकडे तोंड वासून उभा होता, ही लाज मला अजून वाटते.

नंतर शांतपणे विचार केला, तेव्हा एकेक दोष उमगला.

पहिला दोष दिशेचा. या लहरी प्रायः दृष्टीप्रमाणे सरळ चालतात. सपाट भूमीवर 9 मीटर उंचीच्या अँटेन्याचे क्षितिज सुमारे 12 किलोमीटर, तर 16 मीटरवरून सुमारे 16 किलोमीटर. उंची चौपट करावी तेव्हा पल्ला दुप्पट होतो. नाशिक आणि मुंबई यांच्यामध्ये तर सह्याद्रीची भिंत उभी! तेव्हा गावासाठी चहूकडे सारखे बोलणारा साधा 'ग्राउंड प्लेन' अँटेनाच उत्तम. त्यात एक उभी काडी सुमारे 49 सेंटिमीटरची, आणि तिच्या बुडाशी किंचित लांब अशा चार काड्या 45 अंशांनी खाली झुकविलेल्या. तो घरीही बनविता येतो.

दुसरा दोष आडव्या काड्यांचा. व्हीएचएफवर गावात बोलणारे बहुतेकजण उभा अँटेना वापरतात. एकाची काडी उभी व दुसऱ्याची आडवी असली की पुष्कळ शक्ती वाया जाते.

तिसरा दोष केबलीचा. शंभर फूट पातळ आरजी-58 केबलीतून या पट्ट्यात सुमारे चौथा हिस्साच शक्ती वर पोहोचते. माझ्या पाच वॉटांतून अँटेन्यास सव्वा वॉट मिळत होता! जाड आरजी-213 मधून तितक्याच अंतरावर निम्म्याहून थोडी अधिक पोहोचते. केबल चांगली घ्यावी व लागेल तेवढीच ठेवावी. माझ्या सांध्यात तर पावसाचे पाणी शिरून आतील तांब्याची जाळी हिरवी पडली होती. सांध्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी, आणि केबल घरात घेण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. शेवटी एसडब्ल्यूआर मीटर लावून पाहावे. आकडा दीडच्या आत असल्यास समाधान मानावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. नळी विजेच्या तारेपासून इतकी दूर असावी की ती आडवी पडली तरी तारेस शिवू नये. नळीच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडणे शहाणपणाचे. एकट्याने कधीही चढू नये. नळी कठड्यास दोन ठिकाणी पक्क्या पकडींनी बांधावी, अर्थिंग करावे, आणि वळवाचे ढग गडगडू लागण्यापूर्वीच केबल संचापासून सोडवून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये. संक्रांतीस काड्यांत मांजा अडकतो व मुले पतंगासाठी वर चढू पाहतात. त्या दिवसांत गच्चीचे दार लावून घ्यावे.

माझ्या गच्चीवर आता हातभर उंचीचा साधा अँटेना उभा आहे. त्यावर मुंबई लागत नाही. परंतु रोज सायंकाळी सात वाजता पंचवटीतून माझ्या मित्राचा आवाज स्वच्छ येतो आणि त्यांच्या पत्नी मागून चहाची आठवण करतात, तीही ऐकू येते.

डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामीने अंदमानात हाहाकार उडाला, तेव्हा भारती प्रसाद यांच्यासमवेत हौसेखातर पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हौशी मंडळींनी तेथून बाहेरच्या जगास निरोप पोहोचविले. त्यांच्या लहरी दूर पल्ल्याच्या होत्या, आपल्या गच्चीवरच्या तशा नव्हेत. धर्म मात्र एकच : कोणी हाक मारली असता उत्तर पोहोचले पाहिजे. म्हणून अँटेना निवडताना किती दूर बोलता येईल, असे प्रथम विचारू नये. अडीअडचणीस आपणांस कोण हाक मारील व तो कोठे राहतो, हे विचारावे. मग कोणता अँटेना घ्यावा, हे आपोआप ठरते.