मित्रराष्ट्रांची सवलत आणि घरची शिस्त

(लघुउद्योजक आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रकांनी हा विषय सुचविला, तेव्हा मी क्षणभर बिचकलो. मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार. क्षेपणास्त्राचे पाते कसे घडते, हे तुमच्यातला एखादा कारागीर मला शिकवील. परंतु निर्यात नियंत्रण हा विषय मुळात यंत्राचा नसून विश्वासाचा आहे, असे अभ्यासाअंती माझ्या ध्यानात आले. म्हणूनच आज आपल्यासमोर उभा राहण्याचे धाडस करीत आहे.

अमेरिकेने १९७६ साली शस्त्रास्त्र निर्यात नियंत्रणाचा कायदा केला. त्याखालील नियमावली व्यापारी जगात 'इटार' या नावाने ओळखली जाते. तिच्या यादीत एकूण २१ वर्ग आहेत. या नियमावलीत केवळ तोफ किंवा विमान येते, असे कोणी समजू नये. त्या विमानाचा आराखडा, त्याची संगणकप्रणाली, एवढेच काय, ते दुरुस्त कसे करावे याचे मार्गदर्शनही तिच्या कक्षेत येते. एखाद्या परदेशी अभियंत्याला अमेरिकेच्याच भूमीवर असा आराखडा दाखविला, तरी ती निर्यातच मानली जाते. शिवाय माल एका देशात पोहोचला की नियम संपला, असेही नाही. तेथून तो तिसऱ्याच्या हाती द्यायचा, तर पुन्हा अमेरिकेची संमती हवी.

हा जाच शत्रूंनाच होता असे नाही, मित्रांनाही होता. २००७ साली अमेरिकेने ब्रिटन व ऑस्ट्रेलियाशी संरक्षण व्यापार सुलभ करण्याचे करार केले. ते प्रत्यक्ष अमलात येण्यास अनुक्रमे २०१२ आणि २०१३ साल उजाडले. आणि एवढे होऊनही कंपन्यांनी त्यांचा फारसा लाभ घेतला नाही. कारण करारातून वगळलेल्या वस्तूंची यादी लांबलचक, मालावर निराळ्या खुणा, त्यासाठी निराळी व्यवस्था! परवान्याची जुनी वाट लांब असली तरी पायाखालची होती. व्यापाऱ्यांनी तीच धरली. सवलत कागदावर असणे आणि ती वापरता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व अमेरिका यांची 'ऑकस' ही त्रिराष्ट्रीय व्यवस्था घोषित झाली. अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्या आणि प्रगत तंत्रज्ञान एकत्र उभे करायचे, तर पावलोपावली परवाना मागून कसे चालेल? अखेर १ सप्टेंबर २०२४ पासून या तिघांमधील बहुतांश संरक्षण व्यापाराला अमेरिकेने परवान्यातून सूट दिली. त्याच दिवसापासून ऑस्ट्रेलियाचा सुधारित कायदाही लागू झाला. त्यामुळे ब्रिटन व अमेरिकेला होणाऱ्या निर्यातीसाठी लागणारे सुमारे ९०० परवाने वाचतील आणि त्या व्यापाराचे मूल्य वर्षाला ५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, असे ऑस्ट्रेलियाच्या सरकारने सांगितले.

ऐकून कोणालाही वाटेल की, चला, दार सताड उघडले! परंतु दाराला उंबरठा आहेच. पहिली अट म्हणजे देणारा व घेणारा दोघेही नोंदणीकृत किंवा मान्यताप्राप्त वापरकर्ते हवेत. माल वा माहिती या तीन देशांच्या भूमीतच राहिली पाहिजे, ही दुसरी अट. वगळलेल्या तंत्रज्ञानाच्या स्वतंत्र सूचीत ती वस्तू नसावी, ही तिसरी. आणि कोणाला, काय, केव्हा, कशासाठी दिले, याच्या नोंदी पाच वर्षे जपून ठेवायच्या, ही चौथी. पूर्वी सरकारी अधिकारी कागद तपासून परवाना देत असे. चूक व्हायची असेल, तर ती आधीच अडविली जाण्याची शक्यता होती. आता तपासणारा अधिकारी तुमच्याच कंपनीत बसला आहे. तो चुकला, तर अडविणारा कोणी नाही. शिक्षा करणारा मात्र आहे.

ती शिक्षा किती? ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे सवलतीची नियमावली निघाली त्याच महिन्यात, आरटीएक्स या बलाढ्य अमेरिकन कंपनीने ७५० नियमभंगांच्या प्रकरणात २० कोटी डॉलरचा दंड मान्य केला. त्या नियमभंगांत काय काय होते? कर्मचारी नियंत्रित माहिती असलेले लॅपटॉप सोबत घेऊन रशिया, इराण, लेबनॉनला गेले होते. हेरगिरीची कादंबरी नव्हे ही, साधा निष्काळजीपणा!

दिलेली सवलत काढूनही घेतली जाते. कॅनडाला अशी सूट फार पूर्वीपासून होती. माल त्या मार्गाने तिसऱ्या देशांत पोहोचतो आहे, असे दिसताच १९९९ साली अमेरिकेने ती आवळली. कॅनडाने कंपन्यांची नोंदणी आणि माणसांची पडताळणी करणारी व्यवस्था उभारली, तेव्हा कोठे २००१ साली ती बव्हंशी परत मिळाली. मैत्री जुनी होती, सीमा लागून होती; पण विश्वास पुन्हा कमवावा लागला.

आता तुम्ही विचाराल, या तिघांच्या व्यवहारात आपले काय? समजा, भोसरीतल्या एखाद्या कारखान्याला ऑस्ट्रेलियन कंपनीकडून एका सुट्या भागाचे काम मिळाले. मूळ आराखडा अमेरिकन. ऑस्ट्रेलियात तो परवान्याविना आला, म्हणून तेथील व्यवस्थापकाने ई-मेलने भोसरीला धाडला. त्या एका ई-मेलने नियम मोडला! कारण सूट तिघांपुरती आहे, भोसरीपर्यंत नाही. दंड बहुधा त्या कंपनीला होईल. पण काम कोणाचे जाईल, हे मी सांगायला नको. तुमची मुले-पुतणे ऑस्ट्रेलियात नोकरी करीत असतील, तर त्यांनाही हे सांगा. नव्या कायद्यानुसार तेथील भूमीवरच परदेशी नागरिकाला नियंत्रित तंत्रज्ञान विनापरवाना देणे हा गुन्हा आहे. काही देशांच्या नागरिकांना त्यातून सूट आहे. २०२४ साली जाहीर झालेल्या त्या देशांच्या यादीत भारताचे नाव नव्हते.

नकाराची चव आपण चाखलेली आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर हलक्या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवरील अमेरिकन सहकार्य थांबले. आपल्या शास्त्रज्ञांनी काम थांबविले नाही. ते विमान ४ जानेवारी २००१ रोजी आकाशात झेपावले आणि स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीने जानेवारी २०१४ मध्ये यश मिळविले. पुढे २०१८ साली अमेरिकेने भारताला दुहेरी उपयोगाच्या वस्तूंसाठी 'एसटीए-१' हा वरचा दर्जा दिला. ज्याला स्वतः करता येते, त्यालाच सवलत मिळते, हा जगाचा व्यवहार आहे. तथापि तेथेही माल घेणाऱ्याला आधी लेखी हमी द्यावी लागते, हे विसरू नका.

आज आपण विक्रेतेही आहोत. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. ब्रह्मोस फिलिपिन्सला पोहोचले. 'स्कोमेट' नावाची आपली स्वतःची नियंत्रण सूची आहे आणि आराखडे व संगणकप्रणालीही तिच्या कक्षेत येतात. म्हणून माझी विनंती साधी आहे. काम स्वीकारण्यापूर्वी वस्तू कोणत्या सूचीत बसते ते पाहा. आराखडा मूळ कोणाचा, हे लेखी विचारा. तो कोणी उघडला याची नोंद ठेवा. शंका असेल तर आधी परवानगी मागा, नंतर क्षमा नको.

आपल्याकडे जुने दुकानदार रात्री वही मांडल्याशिवाय फळी लावीत नसत. कोणी तपासायला येणार म्हणून नव्हे, तर आपली पत वहीत असते म्हणून. राष्ट्राची पतही अशीच, हजारो छोट्या कारखान्यांच्या वह्यांत असते. ती वही आपण नीट ठेवू या, एवढे सांगून आपली रजा घेतो.