नानकटाई : एका पाककृतीची भाषा
(परिसंवादात केलेले भाषण)



‘घरातली भाषा’ या विषयावर बोलायला मला सांगितले, तेव्हा म्हणी, ओव्या, लग्नगीते हे विषय समोर होते. त्यांवर अधिकाराने बोलणारे इथे आहेत. मी त्या सगळ्यांपेक्षा साधा विषय घेतला आहे : दिवाळीची नानकटाई, आणि ती ज्या शब्दांत एका पिढीकडून दुसरीकडे गेली ते शब्द.

मी चलथाणला राहतो. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्तीकाठच्या लोहमार्गावर उधन्यानंतर आमचे स्टेशन लागते. पुढे बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार. याच मार्गाने खानदेशातली हजारो कुटुंबे सुरतेच्या कापड गिरण्यांत आणि चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात आली. आमचेही कुटुंब त्यांतलेच. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, असा आमच्या पिढीचा दिवस जाई. त्यामुळे एकाच ताटलीतल्या पदार्थाला आम्ही नानकटाई म्हणत होतो आणि शेजारच्या गुजराती घरी ती नानखटाई होती.

पदार्थाचे नावच प्रवासी आहे. ‘नान’ हा फारसी शब्द. ‘खटाई’बद्दल अभ्यासकांत एकमत नाही, काही जण तो ‘खता’ या चीनच्या जुन्या नावाशी जोडतात. सुरतेत डच वखारीच्या भट्टीची आणि ती पुढे चालवणाऱ्या पारशी दोटीवाला घराण्याची कथा आवडीने सांगितली जाते. घटकांचीही तीच गत. ‘मैदा’ फारसीतून आला, शेजारच्या पत्र्यावरचा ‘पाव’ पोर्तुगीजांकडून, ‘बिस्कीट’ इंग्रजांकडून, आणि ज्या ‘तुपा’ला आपण अस्सल मराठी समजतो त्याचे नाते कन्नड ‘तुप्प’शी आहे. ज्याला आपण घरचे म्हणतो ते असे अनेक दारांतून आत आलेले असते.

आता क्रियापदाकडे येऊ. मराठीत वांगे भाजतात, भाकरी भाजतात, शेंगदाणे भाजतात, विटाही भाजतात. बंद भट्टीच्या कोरड्या उष्णतेत पीठ शिजवण्याला वेगळे क्रियापद आपण घडवले नाही, कारण आपल्या बहुतेक घरांत चूल होती, भट्टी नव्हती. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनी बिबिंकसाठी भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून वरून आच दिली आणि एकेक थर भाजला. खानदेशात आणि इथेही आम्ही दुसरा मार्ग काढला. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची डब्यात भरून बेकरीत न्यायची आणि ‘भट्टीवरून भाजून आणायची’. मराठीने नवे क्रियापद न करता ‘भट्टीवरून’ एवढे जोडून काम भागवले.

या व्यवस्थेचा एक परिणाम आपण लक्षात घेत नाही. पाककृती दोन ठिकाणी विभागली गेली. मळण्यापर्यंतचे ज्ञान घरातल्या बाईकडे आणि भाजण्याचे ज्ञान बेकरीतल्या कारागिराकडे. पाव काढून झाल्यावर उतरत्या आचेची भट्टी नानकटाईला योग्य, हे त्याला ठाऊक. तो भट्टीच्या तोंडाशी हात धरून आच ओळखायचा. आमच्या आईच्या वहीत नानकटाईची कृती ‘पत्र्यावर अंतर ठेवून लावणे व बेकरीत देणे’ इथे संपते. पुढचे अर्धे पान कोरे आहे. ते पान ज्याच्याकडे होते त्याने ते कधी लिहिले नाही आणि त्याला कोणी विचारलेही नाही. आपण ‘आजीची पाककृती’ म्हणतो तेव्हा तिच्यातला हा अर्धा भागीदार विसरतो.

आता त्या वहीविषयी. साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला ती हस्तलिखितासारखी वाचावीशी वाटते, कारण तिच्यात पाठभेद आहेत. मूळ ओळीत ‘तूप’ आहे. त्यावर काट मारून ‘डालडा’. काही वर्षांनी समासात पुन्हा ‘अर्धे तूप’. घरच्या तीन दशकांचा जमाखर्च या तीन शब्दांत आहे. एके ठिकाणी ‘रवा मूठभर’ असे वेगळ्या शाईत वाढवलेले आहे; ती शेजारणीची भर, हे आईने सांगितले म्हणून कळते. ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करायला शके 1506 मध्ये एकनाथ महाराज लाभले. पाककृतीला असा संपादक मिळत नाही, आणि मिळू नये असेही मला वाटते. इथे प्रत्येक प्रक्षेपामागे एक माणूस आहे.

वहीतली मापेही पाहण्यासारखी आहेत. आजीचे माप चिपटे आणि शेर. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. 1958 पासून देशात दशमान वजनमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. आईच्या वहीत मैदा किलोत आहे, साखर वाटीत आहे आणि वेलची अजून ‘चिमूट’ आहे. मूठ, चिमूट, ओंजळ ही मापे कोणताही कायदा बदलू शकला नाही, कारण ती शरीराची मापे आहेत. मात्र ती हातागणिक बदलतात. आजीला विचारले, “कितलं तूप टाकनं?” की उत्तर यायचे, “हात सांगस तितलं.” हे उत्तर टाळाटाळीचे नव्हते. मैदा किती जुना, हवा किती दमट, तूप किती घट्ट, यावर प्रमाण हलते. ते ती बोटांनी ओळखत होती.

छापील मराठी पाकशास्त्राने याच ‘अंदाजा’ला शिस्त लावायचा प्रयत्न केला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. ‘रुचिरे’ने वाटी-चमच्याचे माप घराघरांत नेले आणि सासू-आईपासून दूर संसार मांडलेल्या मुलींना मोठा आधार दिला. सुरतेतल्या मराठी घरांतही ती आहे. पुस्तकी पाककृतीची भाषा विध्यर्थी : ‘घ्यावे, चाळावे, मळावे’. घरातली भाषा आज्ञार्थी : ‘घे, चाळ, मळ, थांब’. आणि आजच्या पडद्यावरची भाषा : ‘आपण आता मैदा ॲड करून घेणार आहोत’. पहिल्या भाषेत समोर वाचक आहे, दुसरीत समोर एकच मुलगी आहे, तिसरीत प्रेक्षक आहेत. ‘थांब’ हा शब्द फक्त दुसऱ्या भाषेत येतो, कारण तिथे सांगणारी समोरच्या हाताकडे पाहत असते.

नानकटाईत तर सगळे काम शब्दांनीच होते. तूप ‘फेसायचे’ असते. ढवळायचे नसते, घुसळायचे नसते. परातीत तळहाताने एकाच दिशेने फिरवत ते पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत. थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. त्यात शिरलेली हवा भट्टीत नानकटाईला फुलवते, आणि तुपाने वेढलेले पीठ चिवट होत नाही. मैदा घातल्यावर फार मळायचे नाही, नुसते ‘गोळा करून घ्यायचे’. झालेली नानकटाई ‘खुसखुशीत’ हवी. ‘कुरकुरीत’ झाली तर ती बिघडली. हे भेद शब्दकोशात सापडतील, पण परातीशी बसल्याशिवाय कळणार नाहीत.

आमच्या महाविद्यालयात मी विद्यार्थ्यांना घरची एक पाककृती, सांगणाऱ्याच्या शब्दांत, जशीच्या तशी लिहून आणायला सांगतो. यंदा एका विद्यार्थिनीने आजीची जुनी वही आणली. ती गुजराती माध्यमात शिकलेली. हिंदीमुळे देवनागरी तिला येते. तिने सगळे पान खडखडीत वाचून दाखवले आणि विचारले, “सर, फेसणे म्हणजे काय? चिपटे म्हणजे काय?” अक्षर लागत होते, अर्थ लागत नव्हता. आजी दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिच्या आईला चव आठवते, कृती नाही, कारण ती लग्नानंतर कायम तयार पुडे आणत आली. आम्ही वर्गात त्या एका पानावर दोन तास घालवले. चिपटे सुटले, फेसणे सुटले. एक शब्द मात्र कोणालाच लागला नाही आणि तो आजही तसाच आहे.

परप्रांतातली भाषा अशीच जाते. मुले मराठी बोलतात, सणाला मराठी गाणीही लावतात. तोपर्यंत कामाची क्रियापदे एकेक करून निघून गेलेली असतात. क्रियापद गेले की ते काम करणारा हातही जातो. सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, पण ‘फेसणे’ कोणत्याही पाठ्यपुस्तकात येणार नाही. ते घरातच शिकायचे.

म्हणून या व्यासपीठावरून दोन सूचना करतो. पहिली शिक्षकांसाठी : घरच्या पाककृती गोळा करताना प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करू नका. अहिराणी असेल तर अहिराणी, मध्येच गुजराती आली तर तीही, तशीच राहू द्या. शक्य तिथे आवाजही ध्वनिमुद्रित करा, कारण ‘थांब’ कुठे म्हटले हे कागदावर उतरत नाही. दुसरी अकादमीसाठी : अशा पाककृतींचा शब्दसंग्रह करावा, आणि त्यात स्त्रियांबरोबर जुन्या बेकऱ्यांतल्या कारागिरांनाही विचारावे. आज घरोघरी ओव्हन आले. आमच्याकडे तर मराठी बायकांनी शेजारणींचा हांडवा कुकर घेऊन त्यातच नानकटाई भाजली. लाकडाच्या भट्ट्या कमी होत आहेत, आणि त्या आईच्या वहीतले उरलेले अर्धे पान ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आता सत्तरीत आहेत.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो : या दिवाळीला वही घेऊन घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा. किती घालायचे हे विचाराच, पण त्याआधी कसे करायचे ते विचारा, आणि जो शब्द समजणार नाही त्याच्याखाली रेघ मारा. ती रेघ घेऊन वर्गात या.