खेळाचा पैसा आणि पैशाची वेसण



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटले असेल की, ज्या व्यासपीठावर राज्यघटनेवर, शेतीवर, दुष्काळावर बोलावयाचे, तेथे चेंडू खेळणाऱ्यांच्या जमाखर्चाला जागा कशाला? मैदानावरचा आमचा स्वतःचा पराक्रम सांगण्याजोगा नाही, हेही आम्ही आरंभीच कबूल करतो. तरी हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला. पैसा सैल सोडला तर काय होते आणि त्याला वेसण घातली तर ती नेमकी कोणाच्या नाकात जाते, हे खेळांच्या व्यवहारात जितके उघड दिसते तितके दुसऱ्या कोणत्याच धंद्यात दिसत नाही.

ज्यांनी जत्रेतला कुस्त्यांचा फड पाहिला आहे त्यांना मूळ मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. फडातल्या पंचांचे खरे कसब निकाल देण्यात नसते, जोड लावण्यात असते. तोडीस तोड पैलवान समोरासमोर आले म्हणजे हलगीला रंग चढतो. जोड विषम लागली आणि हातात हात पडताच एकजण चीत झाला, तर जिंकणाऱ्याच्या गावचे लोकसुद्धा मनातून हिरमुसतात. शेजारचे दुकान बंद पडले तर वाणी मनात खूष होईल. पण पुढचा पैलवानच उरला नाही तर आपल्या पैलवानाने लढावे कोणाशी? खेळांच्या संघांचे असेच आहे. ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी खरे, पण एकाच दुकानाचे भागीदारही. धंदेवाईक खेळांत खर्चावर जे निर्बंध आले ते ह्या अडचणीतून आले. निदान तसे सांगितले तरी गेले.

ह्या निर्बंधांचा सर्वांत जुना आणि बोधप्रद इतिहास इंग्लंडातल्या फुटबॉलचा आहे. तेथे १८८८ साली बारा क्लबांनी मिळून लीग स्थापन केली. मोठ्या शहरांचे क्लब जास्त पगार देऊन चांगले खेळाडू पळवतील ह्या भीतीने १९०१ मध्ये कमाल वेतनाचा नियम झाला : आठवड्याला चार पौंड, त्याहून अधिक कोणी द्यावयाचे नाही. शिवाय करार संपला तरी क्लबाने मोकळे केल्यावाचून खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. आपल्याकडच्या सालगड्याला निदान पाडव्याला धनी बदलता येई. ह्यांना तेही नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर मैदाने तुडुंब भरू लागली. १९४८-४९ च्या एका हंगामात चार कोटी दहा लाखांहून अधिक प्रेक्षक सामन्यांना आले. असे असूनही १९६० साली कमाल वेतन होते हंगामात वीस पौंड आणि उन्हाळ्यात सतरा.

खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांनी संपाची तयारी केली, आणि जानेवारी १९६१ मध्ये हा नियम गेला. लवकरच फुलहॅम क्लबाचा जॉनी हेन्स आठवड्याला शंभर पौंड घेऊ लागला. पुढे १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात, खेळाडूला अडकवून ठेवणारी ती दुसरी अटही अन्याय्य असल्याचा निकाल न्यायालयाने दिला. आता लहान क्लब बुडाले, असा आक्रोश झाला. प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. कमाल वेतन असताना, १९६० साली, अवघ्या ऐंशी हजार वस्तीच्या बर्नली ह्या कापडगिरण्यांच्या गावाने अजिंक्यपद मिळवले होते. कमाल वेतन गेल्यानंतरच्या पहिल्या पुऱ्या हंगामात, १९६२ साली, ते इप्सविचने मिळवले; आणि इप्सविच त्याच वर्षी पहिल्या श्रेणीत प्रथमच आले होते! १९५९ पासून १९६५ पर्यंत सात वर्षांत सात निरनिराळे क्लब विजेते झाले. ह्या सात वर्षांच्या मधोमध नियम मोडला गेला, आणि चुरशीला ओरखडाही उठला नाही.

ह्यावरून आमचे मत असे झाले आहे की, कमाल वेतनाने चुरस राखली हे सांगणे म्हणजे पुष्कळ अंशी मालकांनी आपल्या सोयीला दिलेले गोंडस नाव होते. साठ वर्षे खेळाडूंच्या खिशातला पैसा मालकांच्या गल्ल्यात राहिला, एवढे मात्र नक्की. चुरस ज्यामुळे टिकली ती व्यवस्था दुसरीच होती : दारावर जमलेल्या पैशांतला काही हिस्सा पाहुण्या संघाला मिळत असे, आणि दूरचित्रवाणीचा पैसा अजून आलेला नव्हता. यजमान क्लबाने गल्ला सगळा स्वतःकडे ठेवावा असा निर्णय १९८३ मध्ये झाला. १९९२ मध्ये वरच्या श्रेणीचे क्लब वेगळे निघून प्रीमियर लीग झाली आणि प्रक्षेपणाचा मोठा पैसा वरच्यांकडे राहू लागला. ह्या बदलांचा गाजावाजा कमाल वेतनाइतका झाला नाही. परिणाम मात्र फार मोठा झाला. १९९३ ते २०२५ ह्या तेहेतीस हंगामांत विजेते क्लब किती? सातच. पूर्वी सात वर्षांत सात, आता तेहेतीस वर्षांत सात! त्यातही एकट्या मँचेस्टर युनायटेडची तेरा आणि मँचेस्टर सिटीची आठ. २०१६ साली लेस्टर जिंकले तेव्हा जग आनंदले. हंगामाच्या आरंभी त्यांच्यावर एकास पाच हजार असा भाव होता. एखाद्या स्पर्धेतला खरा विजेता पाच हजारांचा भाव घेऊन बसलेला असावा, ह्यात कौतुक आहेच, पण त्या स्पर्धेची प्रकृतीही कळते.

मग युरोपातल्या धुरीणांनी नवी वेसण आणली. २०१० च्या सुमारास युरोपीय महासंघाने नियम केला की, क्लबाने खेळातून मिळवलेल्या उत्पन्नाच्या मर्यादेतच खर्च करावा. आपल्या भाषेत सांगायचे तर, अंथरूण पाहून पाय पसरावे. संसाराला हा सल्ला सोन्यासारखा आहे. कर्जाने बुडणाऱ्या पुष्कळ क्लबांना त्याने शिस्त लावली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु स्पर्धेत त्याचा अर्थ काय होतो? ज्याचे अंथरूण आधीच लांबरुंद आहे त्याने ऐसपैस पाय पसरावे, आणि ज्याची घोंगडी तोकडी त्याने जन्मभर गुडघे पोटाशी घेऊन निजावे. मोठा क्लब जिंकतो म्हणून त्याचे उत्पन्न वाढते, उत्पन्न वाढते म्हणून त्याला अधिक खर्चाची मुभा मिळते, आणि खर्च करतो म्हणून तो पुन्हा जिंकतो. रशियन धनिकाने २००३ मध्ये चेल्सी घेतले, अबुधाबीच्या मालकांनी २००८ मध्ये मँचेस्टर सिटी घेतले, तेव्हा हे दार उघडे होते. हे दोघे आत आले आणि मग दाराला कडी लागली. २०२१ मध्ये सौदी निधीने न्यूकॅसल घेतले, तोवर धन पुष्कळ आणि ते उधळायला बंदी, अशी गत झाली होती. इंग्लंडच्या लीगचा नियम तीन वर्षांत दहा कोटी पन्नास लाख पौंडांपर्यंत तोटा चालवून घेई. २०२३-२४ च्या हंगामात तो मोडल्याबद्दल एव्हर्टनचे आठ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. अब्जाधीशांना मोकळे रान द्यावे असे आम्हांला मुळीच म्हणावयाचे नाही. पण शिस्तीचा नियम आणि समतेचा नियम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिला आणून दुसऱ्याचे श्रेय घेणे बरे नव्हे.

समतेचा नियम पाहावयाचा असेल तर अमेरिकेत जावे लागते, हा एक विनोदच आहे! भांडवलशाहीचे जे माहेरघर, तेथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये सर्वांना अंथरूण सारखेच. प्रक्षेपणाचे पैसे एकत्र विकून समान वाटावयाचे. १९६१ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला. नव्या खेळाडूंची निवड करताना गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाने पहिला हात घालावयाचा. ही रीत १९३६ पासूनची. आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला एकच कमाल मर्यादा, त्या वर्षी तीन कोटी शेहेचाळीस लाख डॉलर. शिवाय किमान खर्चाची अटही आहे, म्हणजे मालकाने वाटणीचा पैसा खिशात घालून रडका संघ उतरवू नये. ह्या व्यवस्थेमुळे ग्रीन बे ह्या सुमारे लाखभर वस्तीच्या गावाचा, भागधारक नागरिकांच्या मालकीचा संघ न्यूयॉर्कच्या संघांशी बरोबरीने झुंजतो. इंग्लंडच्या १९०१ च्या नियमाहून येथे एक मोठा फरक आहे : मर्यादा ठरते ती खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाट करून, आणि एकूण उत्पन्नातले शंभरातले सुमारे अठ्ठेचाळीस डॉलर खेळाडूंकडे जातात.

ह्याने सगळे बरोबर झाले असे मात्र कोणी समजू नये. न्यू इंग्लंडच्या संघाने २००२ ते २०१९ ह्या काळात सहा अजिंक्यपदे मिळवली; चांगला गुरू आणि चांगला शिष्य एकत्र आले की नियम तरी काय करणार? शिवाय ही लीग म्हणजे बंद वाडा आहे. तेथे खालून वर यावयाचा जिना नाही. मालकाच्या मनात आले तर संघ गाव सोडूनही जातो. १९८४ च्या मार्चमधल्या एका रात्री बाल्टिमोरचा संघ ट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला, आणि गावाला ते सकाळी कळले.

आता आपल्या अंगणात येऊ. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत क्रिकेटपटूंचा पहिला लिलाव झाला. खेळाडूंवर बोली लागते हे ऐकून तेव्हा अनेक सभ्य माणसांनी नाके मुरडली. आम्हीही त्यांत होतो. पण नियम अमेरिकन वळणाचा होता : आठही संघांना प्रत्येकी पन्नास लाख डॉलरची सारखीच थैली. फळ त्याच वर्षी दिसले. मुंबईचा संघ सर्वांत महाग, अकरा कोटी एकोणीस लाख डॉलरना गेलेला. राजस्थानचा सर्वांत स्वस्त, सहा कोटी सत्तर लाखांचा. पहिला करंडक राजस्थानने नेला, आणि मुंबईला पहिल्या विजयासाठी २०१३ पर्यंत थांबावे लागले. नंतर मुंबई आणि चेन्नई ह्यांनी २०२५ पर्यंतच्या अठरांपैकी दहा करंडक वाटून घेतले, हे खरे. तरी आठ वेगळे संघ विजेते झाले. चुरशीच्या बाबतीत आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या रकान्याबद्दल. २०२३ ते २०२७ ह्या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क अठ्ठेचाळीस हजार तीनशे नव्वद कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे वर्षाला सुमारे नऊ हजार सातशे कोटी. २०२५ च्या हंगामासाठी संघाची थैली होती एकशेवीस कोटी, दहा संघांची मिळून बाराशे कोटी. शंभर रुपयांतले साडेबारा झाले! सामन्यागणिक मानधन वेगळे मिळते ते धरले तरी पंधरापर्यंत पोहोचत नाही, आणि जाहिराती-तिकिटांचे उत्पन्न आम्ही अजून मोजलेलेच नाही. ऋषभ पंतला सत्तावीस कोटी मिळाले हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. हा दुसरा आकडा कोणी काढीत नाही. थैलीचे तोंड किती उघडावयाचे हे ठरवताना खेळाडूंची संघटना समोर बसलेली नसते. जिमी हिल यांची दाढी आणि जीभ दोन्ही तिखट होत्या. तसा कोणी आपल्याकडे अजून निपजलेला नाही.

एक बाजू राहिली, ती ज्यांच्यापर्यंत हे कोट्यवधींचे आकडे पोहोचतच नाहीत त्यांची. मँचेस्टरच्या उत्तरेला दहा-पंधरा किलोमीटरांवर बेरी नावाचे गाव आहे. तेथला क्लब १८८५ चा. १९०३ साली इंग्लंडच्या मानाच्या करंडकाचा अंतिम सामना बेरीने सहा-शून्य असा जिंकला, आणि एवढ्या मोठ्या फरकाचा अंतिम विजय पुढे शंभराहून अधिक वर्षे कोणाला मिळाला नाही. मे २०१९ मध्ये त्याची बरोबरी झाली. ती केली शेजारच्या मँचेस्टर सिटीने. त्याच उन्हाळ्यात बेरी वरच्या श्रेणीत चढले होते, पण ऐपतीबाहेर केलेला खर्च आणि थकलेली देणी अंगाशी आली होती. २७ ऑगस्ट २०१९ रोजी, एकशेपंचवीस वर्षांच्या सभासदत्वानंतर, लीगने क्लबाला काढून टाकले. लहान क्लबांच्या हिशेबावर बाहेरून नजर ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा इंग्लंडने कायद्याने स्थापली ती २०२५ मध्ये. तोवर बेरीच्या लोकांनी आपली वाट शोधली होती. समर्थकांनी वर्गणी जमवून, आपापसांतले दोन तट मिटवून क्लब पुन्हा उभा केला, आणि २०२३ पासून तो गिग लेन ह्या आपल्या जुन्या मैदानावर, कितीतरी पायऱ्या खालच्या स्पर्धेत, पुन्हा खेळू लागला.