अर्ज माझ्या नावाचा, टाकी कुणाची?

(नाशिक येथे महिला बचत गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला इथे बोलावताना ताईंनी सांगितलं की, ‘महिलांसाठी नवे उद्योग’ या विषयावर तुमचा अनुभव सांगा. मी लगेच हो म्हटलं. पण घरी गेल्यावर विचार केला की, या विषयावर बोलणारी बाई पापडापासून सुरुवात करते आणि परदेशवारीला येऊन थांबते. माझं तसं काही झालेलं नाही. मी कोळंबी वाढवते. (हशा) हसलात ना? सगळे हसतात. कोळंबी म्हटलं की आपल्याला तवा आठवतो, नाहीतर सुकटीची चटणी. मी वाढवते ती कोळंबी खायची नाही, बघायची. काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यात ठेवतात ती. दीड-दोन इंचांची, अंगावर तांबडे पट्टे. बाजारात तिला पेपरमिंट म्हणतात. आणि हे सगळं नाशिकला, समुद्रापासून दीड-दोनशे किलोमीटरवर, गच्चीवरच्या एका खोलीत.

मुळात माझ्या यजमानांचं आणि दिरांचं शोभिवंत माशांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा दुकानात गोड्या पाण्याचेच मासे होते, गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश. जादा माल घरी गच्चीवर टाक्यांमध्ये असायचा. त्या टाक्या धुणं, पाणी बदलणं, मेलेले मासे काढणं हे माझ्याकडे कधी आलं ते मला आठवतच नाही. कुणी मला कामाला लावलं नाही. “जाता येता जरा बघत जा,” एवढंच सांगितलं होतं. ते जाता येता बघणं नऊ वर्षं चाललं. दुकानातल्या मुलाला महिन्याला पगार होता. मी घरातली.

नंतर शहरात पैसेवाल्या घरांतून खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची हौस आली. मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटमधल्या व्यापाऱ्यांकडून, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात भरून माल यायचा. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे शेतात, टाक्यांत वाढवलेले असतात. समुद्रातल्या जिवांचं तसं नाही. त्यातले बहुतेक अजूनही खडकांतून, प्रवाळांतून पकडूनच आणतात. फिलिपाइन्स-इंडोनेशियाकडे मासा गुंगवून पकडण्यासाठी पाण्यात सायनाइड सोडण्याचे प्रकारही वर्षानुवर्षं झाले आहेत. मासा पकडला जातो आणि मागचं प्रवाळ मरतं. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की दहा आले तर तीन-चार वाटेतच मेलेले.

अशाच एका खोक्यातून आलेल्या दोन पेपरमिंट विकल्या गेल्या नाहीत, म्हणून गच्चीवर माझ्याकडे आल्या. एके दिवशी पाहते तर एकीच्या पोटाखाली हिरवट अंडी. मी यजमानांना सांगितलं, “अहो, मादी आहे, अंडी धरलीत.” आठ दिवसांनी पाहते तर दुसरीच्याही पोटाखाली अंडी! मग नर कोण? मला वाटलं माझंच काही चुकतंय. पुढे माहिती काढली तेव्हा समजलं की या जातीची कोळंबी लहान असते तेव्हा नर असते आणि मोठी झाली की नर आणि मादी दोन्ही. स्वतःचं स्वतः जमत नाही, जोडीदार लागतो, पण कुठल्याही दोन मोठ्या कोळंब्या एकत्र ठेवल्या की झालं. जी कात टाकते ती त्या वेळी मादी, दुसरी नर. पुढच्या खेपेला उलट. आळीपाळीने. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, आमच्या घरी आळीपाळी फक्त भांड्यांची ठरली होती, तीसुद्धा टिकली नाही.

आता काम काय असतं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अंडी साधारण दहा-बारा दिवसांनी फुटतात आणि फुटतात ती रात्री, दिवे मालवल्यावर. त्या रात्री जागावं लागतं. अळ्या उजेडाकडे येतात, म्हणून टाकीच्या एका कोपऱ्यावर बॅटरी धरायची आणि तिथे जमल्या की वाटीने अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यायच्या. तिथे त्यांना जिवंत खाणं लागतं. आर्टेमिया नावाच्या बारीक जिवाची अंडी डब्यात मिळतात. ती मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली की एका दिवसात फुटतात, केशरी ठिपक्यांसारखी पिल्लं निघतात. तीही ताजीच द्यायची, शिळी झाली की त्यांच्यातला कस जातो. म्हणजे आज रात्री अळ्यांसाठी आज सकाळची पिल्लं हवीत, आणि उद्याची आज लावून ठेवायची. अगदी दह्याच्या विरजणासारखं. हे महिना, दीड महिना चालतं. तेव्हा कुठे अळीची कोळंबी होते, तळाला बसते आणि आपण श्वास सोडतो.

पाणी नळाचं चालत नाही. गंगापूर धरणाचं पाणी आपल्याला गोड लागतं, पण नळाला येईपर्यंत त्यात क्लोरीन असतं. ते आरओ मशीनमधून काढायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री क्षार घालायचे. घरातलं मीठ नाही, वेगळे क्षार मिळतात. मशीनमधून वाया जाणाऱ्या पाण्याने मी फरशी पुसते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे, तेव्हा हीटर. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पाणी तापतं, तेव्हा पंखे आणि ओली पोती. वीज गेली की हवेचा पंप बंद, म्हणून बॅटरीवरचा पंप उशाशी.

माझ्या पहिल्या दोन्ही खेपा मेल्या. पहिली माझ्या अज्ञानाने, खाणं उशिरा दिलं. दुसरी चांगली अठरा दिवस जगली. मग एका संध्याकाळी भाऊजींनी त्या खोलीत झुरळांचा स्प्रे मारला. कोळंबी आणि झुरळ लांबची भावकीच, जे एकाला मारतं ते दुसऱ्यालाही. सकाळी भांड्याच्या तळाशी पांढरा थर होता. मी रडले. भाऊजी म्हणाले, “एवढं काय वहिनी, सुकटच ती!” ते वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत नव्हतं की तिथे माझं काही काम चालू होतं.

त्या दिवसापासून मी वही घातली. किती वाजता चढले, किती वाजता उतरले. महिनाअखेर बेरीज केली तर रोजचे सरासरी साडेचार तास. स्वयंपाक, धुणं, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचं पथ्यपाणी सोडून. तिसऱ्या खेपेला चौदा कोळंब्या हाती लागल्या. चौदाही दुकानातून गेल्या. गिऱ्हाईकाला सांगितलं गेलं, “घरची पैदास आहे, आम्ही स्वतः काढतो.” आम्ही!

आता मुख्य गोष्टीकडे येते.

२०२० मध्ये केंद्राची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू झाली. तिच्यात शोभिवंत माशांसाठी निरनिराळे प्रकल्प होते. परसातला छोटा प्रकल्प ३ लाखांचा, मध्यम ८ लाखांचा, आणि समुद्री माशांची पैदास व संगोपन असा एकत्रित मोठा प्रकल्प ३० लाखांचा. अनुदान सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला ४० टक्के. स्त्री असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर ६० टक्के. एका रात्री जेवणं झाल्यावर यजमान आणि भाऊजी कागद घेऊन बसले. ३० लाखांवर माझ्या यजमानांच्या नावाने १२ लाख मिळणार, माझ्या नावाने १८. मी भांडी आवरत होते. मला हाक मारली, “इकडे ये, सही करायची आहे.” नऊ वर्षांत माझ्या कामाची किंमत कुणी केली नव्हती. माझ्या नावाची मात्र त्या रात्री झाली. सहा लाख रुपये.

मी विचारलं, उरलेले १२ लाख? तर कर्ज. कर्ज कुणाच्या नावावर? अर्जदाराच्या. म्हणजे माझ्याच. बँकेचं पासबुक कुणाकडे राहणार? यावर दोघेही गप्प. मग भाऊजी म्हणाले, “दुकानाचंच तर आहे सगळं, वेगळं काय करायचं?”

मी सही केली नाही. उद्या करते म्हटलं.

त्या रात्री मला माझी आई आठवली. आई निफाड तालुक्यातली, द्राक्ष-कांद्याच्या घरातली. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं, त्याला ती गावातल्या बायकांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून गेली होती. पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, नवऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करायची. आमच्या वडिलांनी अर्धा एकर केली. गावात मान मिळाला. पण त्या अर्ध्या एकरातल्या कांद्याची पट्टी आईच्या हातात कधी आली नाही. सोसायटीचं कर्ज काढायचं असलं की वडील तिला घेऊन जायचे, ती सही करायची, दोघं चहा पिऊन घरी यायचे. मी आईला एकदा विचारलं, तुझ्या जमिनीत यंदा काय लावलंय? ती म्हणाली, “ह्यांना विचार.” नाव लागणं ही छोटी गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. ज्यांचं तेही लागलेलं नाही अशा कितीतरी जणी इथे बसल्या असतील. पण नावानंतरही बरंच काही उरतं.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की, मी ३ लाखांचा छोटाच प्रकल्प करेन. ६० टक्क्यांनी १ लाख ८० हजार अनुदान, उरलेल्या १ लाख २० हजारांतले पन्नास हजार माझे साठवलेले, बाकी बचत गटातून. खातं माझं, बिलबुक माझ्या नावाचं, आणि दुकान माझ्याकडून माल विकत घेईल. घरात चार दिवस अबोला होता. यजमान म्हणाले, “माझ्यावर विश्वास नाही का?” या प्रश्नाला उत्तर देणं फार अवघड असतं, मैत्रिणींनो. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पूर्ण वाचली, काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात अर्ज आणला तो छोट्या प्रकल्पाचा.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. जागेचा कागद लागतो. घर सासऱ्यांच्या नावावर. गच्चीवरच्या खोलीचा भाडेकरार त्यांनी सुनेच्या नावाने करून द्यायचा होता. ते म्हणाले, “सुनेला भाडेकरार? आज खोली, उद्या घर मागेल.” मी काही बोलण्याआधी सासूबाई आतून म्हणाल्या, “तिच्या नावावर सरकार पैसे देतंय. तुम्हाला कागद द्यायला काय होतं? मी एवढी वर्षं या घरात आहे, माझ्याकडे कोणता कागद आहे?” त्या माउलीने यापूर्वी सासऱ्यांना उलट उत्तर दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. करार झाला. त्यासाठी तीन महिने गेले.

मंजुरी, तपासणी, फोटो, पुन्हा कागद, हे सगळं तुम्हाला नवीन नाही. अनुदान आधी हातात पडत नाही, खर्च आधी आपण करायचा. त्या काळात गटाने मुदत वाढवून दिली नसती तर माझ्या पाटल्या गेल्या असत्या. जी बाई अशा योजनेत उतरणार आहे तिने आधी हे गणित मांडावं. ६० टक्के हा आकडा नंतरचा, आधी शंभर टक्के आपलेच.

लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाचं इथे सांगावंसं वाटतं. लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो ही सरकारी संस्था आहे, तिने अगत्तीला केंद्र काढलं आणि तिथल्या बायकांना शोभेच्या समुद्री कोळंब्या वाढवायला शिकवलं. दोन जाती आहेत, एक थॉर, शेपटी वर करून नाचणारी नखाएवढी, आणि दुसरी काचेसारखी पारदर्शक. दोन्ही समुद्रफुलांच्या आसऱ्याने राहणाऱ्या. नाजूक पैदास केंद्रात होते, वाढवण्याचं काम बायकांचे गट करतात. याच संस्थेने आपल्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनबरोबर ऐरोलीला क्लाउनफिशच्या पैदाशीचं केंद्र उभं केलं आहे. पण मला अगत्तीचं विशेष वाटलं ते आणखी एका कारणाने. ती बेटं मुसलमान वस्तीची आणि परंपरेने मातृवंशीय. घराणं आईकडून मुलीकडे चालतं, लग्नानंतरही बाई आपल्या आईच्या घरातच असते. तिथल्या बाईने टाकी मांडली तर खोलीच्या कागदासाठी तिला सासऱ्यांपुढे उभं राहावं लागत नसेल. वेंगुर्ल्याला स्वामिनी गटाच्या बायका मांडवी खाडीत होडीतून कांदळवनं दाखवतात, त्यांच्याबद्दलही वाचलं तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडला होता, होडी कुणाच्या नावावर?

धंदा कसा चाललाय, हे विचारायचं तुमच्या मनात असेल. बेताचा. एका खेपेला पंचवीस-तीस कोळंब्या निघाल्या तर खूप. दुकान भाव पाडून मागतं, अगदी परक्यासारखं. (हशा) मला ते आवडतं. पुण्याला दोन दुकानं स्वतः शोधली, एसटीच्या पार्सलने माल जातो. काही गिऱ्हाईकं जिवंत प्रवाळ मागतात, मी सरळ नाही म्हणते. २००१ मध्ये प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, तो गुन्हा आहे. आणि बाईच्या नावावरचा धंदा असला की पोलीसही बाईच्याच नावाने येतात.

वीजबिल अजून घराच्या मीटरवर येतं, त्यातला माझा हिस्सा किती यावर दर महिन्याला वाद होतो. वेगळ्या मीटरसाठी अर्ज करायचा आहे. त्यालाही सासऱ्यांची संमती लागेल. सासूबाईंना सांगून ठेवलं आहे.

माझ्या अर्जाची, भाडेकराराची आणि त्या वहीची झेरॉक्स मी टेबलावर ठेवली आहे, ज्यांना हवी त्यांनी बघा, उतरवून घ्या. प्रश्न असतील तर आताच विचारा. मला साडेसहाच्या आत निघायचं आहे. एकीची अंडी आज रात्री फुटतील असं दिसतंय.